मागे का वळला? कारणे द्या

माझं शिक्षण मराठी चौथी. त्यानंतर एक श्रावण ते एक फाल्गुन एवढे दिवस मी कवितेचा अर्थ लावायला आणि ग्रीक लोकांच्या देवादिकांच्या गोष्टी शिकलो. हजेरीत माझं नाव नव्हतं. मी बायकोला, मथुराला, सोडायला जायचो आणि ती सुटेपर्यंत बसायचो, त्यात जेवढं कानावर पडलं तेवढं माझं. आता ती नाही. सात महिने झाले. सून म्हणाली, बाबा, लिहून काढा, मन हलकं होईल. म्हणून मी मथुराच्याच वह्यांत लिहायला बसलो. शाळेतून रिटायर होताना तिने सोळा कोऱ्या वह्या घरी आणलेल्या, कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, लागतील. मन काही हलकं झालेलं नाही. तिसरी वही संपत आली आहे, एवढंच.

तेव्हाचं बाळकुम म्हणजे ठाण्याबाहेरचं खेडं. आज माझ्या गॅलरीतून बावीस मजल्यांच्या चार इमारती दिसतात, त्यातली एक आमच्या खळ्यावर उभी आहे, आणि तिच्या दारातला वॉचमन मला विचारतो, कोणाकडे जायचंय. तिथे आमचं कुडाचं घर होतं. पावसात भात, दिवाळीनंतर मीठ. बापाची आणि आजोबांची पाठ मिठागरातच काळी झालेली, माझीही तिथेच व्हायची होती. घरात बाप, आय आणि मी. बाप दिवसाला दहाबारा शब्द बोलायचा आणि त्यातले निम्मे बैलाला. उरलेलं सगळं आय बोलायची. ती तांदळाची भाकरी थापायला बसली की थापटण्याचा आवाज एका लयीत यायचा, आणि कोणावर राग असला की ती लय वाढायची, त्यामुळे आत न जाताही आज घरात काय वातावरण आहे ते अंगणात कळायचं. भाकरीबरोबर जवळ्याची चटणी, नाहीतर आंबोशी घातलेलं सुकटीचं कालवण. आमच्या घराचा, कपड्यांचा, अंथरुणाचा वास म्हणजे सुकट आणि खारं पाणी. आम्हाला तो वास येत नव्हता. दुसऱ्यांना येतो हे मला ठाण्यात, टेंभी नाक्यावर कळलं.

मिठागरातली एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावाचून काही कळणार नाही. वाफ्यातलं मीठ पाटीत भरून बांधावरून ढिगाऱ्यापर्यंत न्यायचं. बांध जेमतेम दोन पावलं रुंद, दोन्हीकडे पाणी, पायाखाली चिकणमाती. डोक्यावर ओलं मीठ भरलेली पाटी असली की मान वळवता येत नाही. वळवली तर पाटी जाते, पाटीबरोबर माणूस जातो. म्हणून पुढचा माणूस थोड्या थोड्या वेळाने नुसता हुंकार द्यायचा, "हूं?" आणि मागचा उत्तर द्यायचा, "हूं." उत्तर आलं नाही की पुढच्याने जागीच थांबायचं, पाटी उतरायची आणि मगच वळायचं. याला आमच्याकडे हाकारा म्हणत. मी सात वर्षांचा असल्यापासून हाकारा देत आलेलो. माझ्यामागे बहुतेक वेळा आय असायची आणि तिच्या "हूं"मध्ये सुद्धा रागाची लय ऐकू यायची.

मथुरा डोंबिवलीकडच्या एका गावातली. तिचा बाप शाळेत शिपाई, त्यामुळे पोरीला शाळेबाहेर काढायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही आणि ती सातवी पास होऊन बसली. आमच्यात तेव्हा सातवी पास सून म्हणजे घरात हार्मोनियम आणल्यासारखं होतं. सगळे येऊन बघून जायचे, वाजवायची कशी ते कोणाला माहीत नव्हतं. मी चौथी, ती सातवी, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नात तिने उखाण्यात माझं नाव घेतलं ते पहिलं आणि शेवटचं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही अशी रीत होती. मला बोलवायचं झालं तर "अवो". मीही चारचौघांत तिच्याशी बोलायचं नाही, रस्त्याने जाताना तरण्या नवऱ्याने पुढे चालायचं, बायकोने दहा पावलं मागे, आणि नवऱ्याने मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर गावातले टोळभैरव आठवडाभर विचारायचे, "काय रे, वैनी पलून नाय ना गेली?"

गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा अंगणात उभं राहून आयला सांगितलं की तुमची सून साहित्याची परीक्षा पास झाली तर शाळेत मास्तरणीची जागा मिळू शकते, मुलींच्या वर्गाला बाईच हवी आहे. परीक्षा होळीच्या आधी, आणि तयारीसाठी टेंभी नाक्यावर पोंक्षे सर म्हणून आहेत, ते रविवारी सकाळी घरीच वर्ग घेतात. आयने विचारलं, "मास्तरीन झाली की मिठावर जायचा नाय?" हेडमास्तर म्हणाले, नाही. मथुरा दाराआड उभी होती. तिच्या हाताला मिठाने चिरा पडलेल्या, त्यात रात्री ती खोबरेल भरायची. तिने दाराची चौकट धरलेली मी बघितली. आय दाराकडे बघून म्हणाली, "जाऊ दे. पन एकटी नाय. ह्याला घेऊन जा." अशा रीतीने मी साहित्यात आलो.

बाळकुमहून माजिवड्यावरून टेंभी नाका, तासाभराची चाल. मी पुढे, छत्री माझ्याकडे. ती मागे, वही तिच्याकडे, पदराखाली. एवढ्या वाटेत आम्ही एक शब्द बोलायचो नाही. मी तिच्या बांगड्या आणि जोडव्यांचा आवाज ऐकत चालायचो, तो येतोय म्हणजे ती येतेय. रस्त्यावर हाकारा द्यावा असं कधी मनात आलं नाही. हाकारा मिठासाठी असतो.

पोंक्षे सर पेन्शनीत गेलेले, सडपातळ, स्वच्छ गृहस्थ. त्यांच्या ओटीवर सतरंजी. त्यावर दोन कारकून, एका दवाखान्यातला कंपाउंडर आणि मथुरा. पहिल्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसलो तर सर म्हणाले, "आत या. माझ्या वर्गात दाराबाहेर कोणी बसत नाही." मी आत आलो आणि दोन्ही कारकून थोडे सरकून बसले. वासाचं तेव्हा कळलं. सरांच्या बायकोने, माईंनी, पहिले दोन रविवार मला ओंजळीत वरून पाणी घातलं. तिसऱ्या रविवारी पेला दिला. पेला पितळेचा होता. माझं नाव त्या घरात कोणी विचारलं नाही. मी "मथुराबाईंचे यजमान". पुढे आयुष्यभर शाळेतही तेच राहिलं, त्यामुळे सवय लवकर झाली ते बरंच झालं.

पुस्तकातल्या बऱ्याच कवितांत ग्रीक लोकांचे दाखले होते, म्हणून सर आधी त्या गोष्टी सांगायचे. ग्रीस म्हणून एक देश आहे. तिथेही समुद्र, डोंगर, बोकड आणि रागीट देव, त्यामुळे समजायला जड गेलं नाही. नावं मात्र माझ्या तोंडात बसली नाहीत. मथुराला सगळी पाठ होती. एका माणसाला देवांनी शिक्षा दिली की मोठा धोंडा डोंगरावर चढवायचा, तो वर पोचला की आपोआप खाली येणार, मग परत चढवायचा, असं कायमचं. सर म्हणाले, मानवी जीवनाचं केवढं दारुण चित्र. कारकुनांनी माना हलवल्या. मला त्यात दारुण काय ते कळलं नाही. आमच्याकडे पाटी रोज चढवतात. मीठ विकलं जातं आणि ढिगारा परत मोकळा होतो. आमच्यावर कोणी कविता केलेली नाही. एक बाई नवरा परत येईपर्यंत दिवसा कापड विणायची आणि रात्री उसवायची. ती मला आवडली. घरात एवढं नुकसान होत असताना सासूने कसं चालवून घेतलं ते मात्र सरांना सांगता आलं नाही.

माघाच्या एका रविवारी ती कविता आली. एक गाणारा होता. त्याचं गाणं ऐकून झाडं वाकायची. त्याची बायको गवतातून अनवाणी जाताना साप चावून मेली. हा पाताळात गेला, तिथल्या राजासमोर गायला, आणि राजाला दया आली. राजा म्हणाला, ने. पण अट एक. तू पुढे चाल, ती मागून येईल, वर उजेडात पोचेपर्यंत मागे बघायचं नाही. हा निघाला. सगळी वाट नीट चालला आणि शेवटी, दार दिसायला लागल्यावर, मागे वळला. बायको परत आत गेली, कायमची. आमच्या पुस्तकातली कविता तो वळतो तिथेच थांबत होती. का वळला ते कवीने लिहिलं नव्हतं. सर म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेत हमखास येणार. नायक मागे का वळला? कारणे द्या. बोला."

मोठा कारकून म्हणाला, "प्रेमामुळे. त्याला धीर धरवला नाही." सरांनी ते फळ्यावर लिहिलं. कंपाउंडर म्हणाला, "संशय हो. राजाने फसवलं असेल तर? औषधाच्या बाटलीत सुद्धा लोक पाणी देतात." तेही लिहिलं. सरांनी स्वतःचं तिसरं सांगितलं, की तो कलावंत होता, आपल्या गाण्याने काय घडवून आणलं ते डोळ्यांनी बघायचा त्याला मोह झाला. तेवढ्यात मथुरा बोलली. ती वर्गात फार बोलायची नाही.

"सर, त्याला दार दिसलं ना?"

"हो. मग?"

"मग तो तिला सांगायला वळला. बघ, दार आलं, म्हणून. तो विसरला असंल."

"काय विसरला असेल?"

"अट. माणूस आनंदात असला की विसरतो."

सर हसले, वाईट नाही हसले. "मथुराबाई, हे फारच घरगुती झालं. कवी इतका साधा विचार करत नाही." त्यांनी ते फळ्यावर लिहिलं नाही. मथुराने वहीत मान घातली. धाकटा कारकून म्हणाला, "आता यजमानांचं मत ऐकू या," आणि कंपाउंडर आधीच हसायला लागला. मला राग आला. मी म्हणालो, "मागून आवाज आला नसेल."

"कसला आवाज?"

"तिच्या चालण्याचा. मागून आवाज आला नाय की माणूस वळतो. त्यात प्रेमबीम काय नाय. आणि एवढा गाणारा होता तर वाटेत गप का? त्याने हाकारा द्यायचा, तिने हूं म्हणायचं. वळायची गरजच नाय."

सगळे मोठ्याने हसले. सर म्हणाले, "अहो, ती छाया होती. छायेला पाय नसतात, आवाज कुठून येणार?" मी म्हणालो, "मंग राजाने फसवलाच." कंपाउंडरने मला टाळी दिली. मथुराने दिली नाही. ती निघताना चपला घालायच्या जागी माझ्याकडे न बघता पुटपुटली, "तुम्हाला कोणी विचारलेला?" मी म्हणालो, विचारलेला. ते खरं होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

परतीच्या वाटेला लागलो. मी पुढे, ती मागे. डोक्यात राग असला की मी भराभर चालतो, अजूनही चालतो, गुडघे बदलूनसुद्धा. टेंभी नाक्यापासून मनात सरांशी भांडत निघालो ते माजिवडं कधी मागे पडलं कळलं नाही. मागे बांगड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती येत होती. एकदा वाटलं की आवाज जास्त आहे. म्हटलं रागात आहे, हात जोरात हलवत असेल. शेतं आली, चिंचा आल्या, गाव आलं. कट्ट्यावर बसलेल्या पोरांनी माझ्याकडे आणि माझ्या मागे बघितलं आणि कोणी काही बोललं नाही, तेही मला चांगलंच वाटलं. अंगणात शिरलो. आय सूप घेऊन बसलेली. तिने माझ्या मागे बघितलं.

"ही कोन?"

मी वळलो. मागे एक कोळीण उभी होती, डोक्यावर टोपली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. ती म्हणाली, "वाकट्या हायत ताज्या. घेतंस काय, बाय?"

"सून कुठं हाय?" आयने मला विचारलं.

मी तिच्या मागच्या रस्त्याकडे बघितलं. कोळणीलाच दया आली. ती टोपली उतरवत म्हणाली, "माजिवड्यापासून ह्याच्या मागं हाय मी. मला वाटला, मानूस गिऱ्हाईक दाखवाया नेतोय."

आयने सूप खाली ठेवलं, फार हळू ठेवलं. बाप गोठ्यातून बाहेर आला, कोळणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बैलगाडी जुंपायला लागला. त्या दिवशी बैलालाही तो काही बोलला नाही.

मथुरा माजिवड्याच्या जरा पलीकडे, ठाण्याच्या बाजूला, मैलाच्या दगडावर बसलेली. टाचेत बाभळीचा काटा गेलेला, बोटभर, आत मोडलेला. रक्त आलेलं ते तिने वहीच्या पानाने पुसलं होतं, कोऱ्या पानाने, लिहिलेल्या नाही. आम्ही गाडी उभी केली. मी खाली उतरलो. म्हणालो, "हाक का नाय मारलीस?"

"मारली. अवो म्हटला दोनदा. रस्त्यातले तीन बाप्ये वळले. तुम्ही सोडून."

"नावाने मारायची."

तिने बापाकडे बघितलं, सासऱ्यासमोर हे बोलायचं म्हणून पदर पुढे ओढला, आणि पदराआडून स्पष्ट म्हणाली, "त्या गाणाऱ्याने वळून बायको घालवली. तुम्ही न वळता घालवलीत."

बापाला ग्रीक गोष्ट माहीत नव्हती. पण तो हसला. मी बापाला हसताना तीन वेळा बघितलं आहे, त्यातली ही एक. मी तिला उचलून गाडीत ठेवलं. भर रस्त्यात, दिवसाउजेडी. लोकांनी बघितलं. आता बघायचं राहिलं काय होतं.

टाच सुजली. वैदू आला, पोटीस झालं, काटा दोन तुकड्यांत निघाला. पाय टेकवत नव्हता, आणि तिकडे मीठ धरलेलं, हात कमी. आयने निकाल दिला: "शिकाया गेली न पाय घेऊन आली. आता बास झाला. पाय बरा झाला की मिठावर." परीक्षेला महिनाही राहिला नव्हता. मथुरा रडली नाही. ती चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायची, आणि तिच्या थापटण्याला लयच नव्हती. आयच्या रागाची मला सवय होती. हे नवीन होतं. दोन दिवस ऐकलं आणि मला जेवण जाईना.

पुढच्या रविवारी मी मिठावर न जाता अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि एकटाच टेंभी नाक्याला गेलो. सर म्हणाले, "मथुराबाई?" मी जे झालं ते सांगितलं, कोळणीसकट. या वेळी कोणी हसलं नाही, फक्त माई आत जाऊन हसल्या, ते ऐकू आलं. मी सतरंजीवर बसलो, पहिल्यांदाच वही उघडून. माझं अक्षर चौथीतलं, त्यात हाताला फावड्याची सवय. सर एक वाक्य बोलायचे तोवर माझा एक शब्द व्हायचा. म्हणून लिहिणं सोडलं आणि सगळं डोक्यात घेतलं, पाटी घेतात तसं, मान न हलवता, आणि तसंच बाळकुमपर्यंत आणलं. घरी येऊन चुलीसमोर बसलो आणि ओतलं. मथुरा लिहून घ्यायची. मधेच विचारायची, "हे सर बोलले का तुम्ही?" मी म्हणायचो, सर. दर वेळी ते खरं नव्हतं. त्या समुद्रातल्या बाया, ज्यांचं गाणं ऐकून खलाशी बुडतात, त्यांच्यावर सर काहीतरी खोल बोलले होते. ते वाटेत सांडलं. मी सांगितलं की चूक खलाशांची, भरती-ओहोटी बघून निघायचं असतं.

आय भाजी चिरत हे ऐकत होती. असे दोन रविवार तिने ऐकलं. दुसऱ्या रविवारी विळी आडवी केली आणि मथुराला विचारलं, "परीक्षेत ह्याच लिवनार हायस? हा सांगतो ता?"

मथुरा म्हणाली, "दुसरा कोण सांगायला आहे?"

"मंग तू नापास होनार," आय म्हणाली. "एवढा पाय घालवलास न नापास? लोक काय म्हनतील. नाय. मास्तराकडंच जा." आणि माझ्याकडे विळीचं टोक करून, "न तू. मिठाच्या पाटीला हाकारा देतोस. बायकोला द्यायला जीभ झडते काय तुजी?"

अशा रीतीने परवानगी मिळाली. मी शिकवलं नसतं तर मिळाली नसती, हे मी मथुराला पुढे अनेकदा सांगितलं. तिने कधी मान्य केलं नाही.

उरलेला एक रविवार आणि परीक्षेचा दिवस आम्ही बाळकुम ते ठाणं हाकारा देत गेलो. मी पुढून "हूं?" ती मागून "हूं." कट्ट्यावरच्या पोरांनी पहिल्या दिवशी म्हशीसारखे आवाज काढले. आमचं नावच "हूंहूं" पडलं, माझ्या नातवाच्या लग्नातही एका म्हाताऱ्याने मला त्याच नावाने ओळखलं. ती अजून थोडी लंगडत होती, त्यामुळे तिच्या "हूं"वरून मला पायाचं कळायचं, आणि मी चाल कमी करायचो. माजिवड्याच्या दगडापाशी आलो तेव्हा मी "हूं?" म्हटलं आणि मागून आलं, "प्रेम, संशय, मोह." मी थोडं पुढे जाऊन परत "हूं?" केलं. "धोंडा, कापड, समुद्रातल्या बाया." म्हणजे ती पाठ म्हणत होती. पुढची सगळी वाट मी हाकारा देत राहिलो आणि मागून आख्खा अभ्यासक्रम येत राहिला. मी वळलो नाही. वळायची गरजच नव्हती.

प्रश्न तोच आला. ती तीन तासांनी बाहेर आली, बोटं शाईने भरलेली, मिठाच्या चिरांतून शाई आत गेलेली. फाटकापाशी पोंक्षे सरही आलेले. त्यांनी विचारलं, "कारणं लिहिलीत?"

"पाच लिहिली."

"आपण तीन केली होती."

"तुमची तीन. चौथं माझं. पाचवं ह्यांचं."

सरांनी कपाळाला हात लावला. वाटेला लागल्यावर, गाव दिसायच्या बेताला, मी न वळता विचारलं, "माझं कशाला लिहिलंस?" मागून आलं, "पानावर जागा उरलेली."

ती पास झाली. काठावर झाली, पण काठावर पास झालेल्या मास्तरणीला वेगळी खुर्ची देत नाहीत. गावच्या शाळेत लागली ती तिथूनच रिटायर झाली. तिच्या हाताच्या चिरा वर्षभरात बुजल्या. मी मिठावर राहिलो, मीठ संपलं, मग जमिनी गेल्या, मग इमारती आल्या. ते दुसऱ्या वहीत लिहिलं आहे. हाकारा मात्र राहिला. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, आणि शेवटी घरातल्या घरात, ती आतल्या खोलीत आणि मी गॅलरीत. "हूं?" "हूं." पाचव्या कारणावरून आमचं साठ वर्षं भांडण चाललं. ती म्हणायची तो आनंदाने वळला. मी म्हणायचो आवाज आला नाही म्हणून वळला. तिने किती तरी पोरींना तिचंच कारण शिकवलं असणार, मी वर्गात नव्हतो.

आता शेवटचं. मथुराला पोचवून परत निघालो. आमच्याकडे स्मशानातून निघताना मागे बघायचं नसतं. हे मला माहीत होतं, किती जणांना पोचवलं आहे. तरी मुलाने दंडाला धरून कानात सांगितलं, "बाबा, मागे बघू नका." मी म्हटलं, "कळतं मला." मी पुढे, बाकीचे मागे. नीट चालत होतो. हाकारा ओठांपर्यंत आला, तो मी गिळला. मागून आवाज येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यासाठी काही मी वळलो नसतो. फाटक दिसायला लागलं. बाहेर ऊन होतं. तेवढ्यात फाटकासमोरून एक कोळीण गेली, स्कूटरवर. डोक्याला हेल्मेट, मागे बांधलेली माशांची पाटी, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

मी वळलो. तिला सांगायला.

मुलगा म्हणाला, "बाबा, अहो." तोवर वळून झालं होतं. मी तिथे उभा राहून थोडा वेळ बघितलं, मग परत फाटकाकडे तोंड केलं आणि चालायला लागलो.

पोंक्षे सर आता नाहीत, उत्तरपत्रिकाही नसेल. तरी इथे दुरुस्ती करून ठेवतो. चौथं बरोबर. पाचवं खोडावं.